विहित नमुन्यातलं वायफाय

दुष्काळाच्या त्या वर्षी शहर मुकुंदवाडी ओलांडून शेंद्र्याकडं पसरलं होतं. नळ मात्र मागंच थांबला होता. अशा एका बिननळाच्या कॉलनीत, आठवड्याचा टँकर पाणी देऊन गेल्यावर, निवृत्त अव्वल कारकून वैजनाथराव यांच्या निदर्शनास एक गंभीर बाब आली. घरात माणसं दोन, मोबाइल दोन. वायफायवर मात्र नऊ.

"सात घुसखोर!" ते कडाडले.

"पासवर्डचा कागद तुम्हीच फाटकावर चिकटवलाय, पाहुण्यांसाठी," उमाबाई भाजी निवडत म्हणाल्या.

कागद तत्काळ निघाला. नवा पासवर्ड एकवीस अक्षरी झाला आणि पाकिटात जाऊन त्यावर लाखेचं सील बसलं. तरी जिवाला चैन पडेना. मग फर्मान सुटलं: ज्याला नेट हवं त्यानं विहित नमुन्यात अर्ज करावा, सोबत दोन फोटो, वापराचं प्रयोजन. उमाबाईंनी 'भजन ऐकणे' लिहिलं. 'कोणते? किती कडवी?' असा शेरा घेऊन अर्ज परत आला.

कायदा सर्वांना सारखा, म्हणून वैजनाथरावांनी स्वतःचाही अर्ज केला. पण अर्जदारानंच अर्ज मंजूर करणं नियमात बसेना. वरिष्ठांकडं पाठवणं भाग होतं. घरात वरिष्ठ एकच.

"विचाराधीन आहे," उमाबाई म्हणाल्या आणि अर्ज पोळपाटाखाली ठेवला.

वायफायवर आता शून्य मोबाइल. इतकं सुरक्षित नेट उभ्या जिल्ह्यात नव्हतं.

आठव्या दिवशी टँकर आला, वैजनाथरावांचे रिकामे ड्रम ओलांडून पुढं गेला आणि चार घरं सोडून आवडाबाईंच्या दारात थांबला. वैजनाथराव चपला न घालताच धावले.

"कडुबा, टँकर माझ्या दारात लागतो!"

"लागत व्हता, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "ड्रम भरेस्तोवर पिशोरला दिलेल्या लेकीचं तोंड बघायचो, तुमच्या नेटवर. आता तिथं काय बी लागंना, इथं लागतं."

"मग रीतसर अर्ज करायचास!"

"करतो की. पर पाइप काय चार घरं पोचत नाय."

"भाऊजी, हंडा आणा," आवडाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "आठ दिवस कोरडे काढता व्हय? आमच्याकडं अर्ज नाय लागत."

हंडा भरत असताना वैजनाथरावांचा खिसा टुणटुण वाजू लागला. आठवडाभराचे निरोप एकदम आले. मोबाइल आपोआप जोडला गेला होता. आवडाबाईंचा पासवर्ड त्यात दोन वर्षांपासून बसलेला होता.

हसण्याआधी तुमचाही मोबाइल उघडा. साठवलेल्या नेटांची यादी बघा, आणि त्यात तुमचं स्वतःचं कितवं, ते मोजा.