शमशाद मियाँ वाद घालत नाहीत

डॉ. चंद्रहास मोहिते यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण पुराव्यातलं सगळं कळत होतं! जन्म सांगलीचा, नोकरी लखनौच्या एका ऊस-संशोधन संस्थेत, आणि वीस वर्षं उसावरच्या किडी भिंगातून बघण्यात गेलेली. जे भिंगात दिसत नाही ते नसतंच, असं ते जेवतानासुद्धा बजावून सांगत.

त्यामुळे इंदिरा नगरातल्या शमशाद मियाँ मेकॅनिकनी गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला सांगितला, त्या दिवशी त्यांच्या अंगात वीरश्रीच संचारली.

"क्यों? टूटा है क्या?"

"टूटने के बाद तो देर हो जाएगी, डॉक्टर साहब. एक लाख किलोमीटर हो गए. यह गया तो इंजन को भी साथ ले जाएगा."

"पुरावा दाखवा!" चंद्रहास गरजले. मियाँना मराठी येत नाही हे आठवल्यावर पुन्हा गरजले, "सबूत दिखाइए!"

तीन शनिवार हा वाद चालला. मियाँ चहा मागवायचे आणि हा पट्टा इंजिनाचा ताल कसा सांभाळतो ते हातवारे करून समजवायचे. चंद्रहास चहा तेवढा घ्यायचे. चौथ्या शनिवारी ते संस्थेतलं भिंगच घेऊन गेले! मियाँनी पट्ट्यावरचं झाकण काढलं. चंद्रहासांनी बॉनेटमध्ये अर्धं अंग खुपसलं आणि पट्ट्याची पाठ इंच इंच तपासली.

"एक भी दरार नहीं! बारह हज़ार किस बात के दूँ? यह अभी बीस हज़ार किलोमीटर चलेगा!"

मियाँनी झाकण लावलं, हात पुसले आणि अदबीने मान झुकवली. "जी. आप बेहतर जानते हैं."

चंद्रहास घरी आले ते किल्ला जिंकल्यासारखे!

"हरला! शेवटी म्हणाला, तुम्हालाच जास्त कळतं!"

त्यांच्या बायकोच्या, विनयाच्या हातातली पोळी तव्याबाहेर पडली. ती बँकेत अधिकारी होती, पण मुख्य म्हणजे तिचं माहेरच लखनौचं. "अहो, ते असं म्हणाले? ते भांडत होते तोवर गाडीची आशा होती. इथली माणसं वाद घालायची थांबली की समजायचं, त्यांनी हात टेकले!"

"हात टेकले म्हणजेच हरला ना!"

"बरं, बुधवारी माझा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे, पार सरोजिनी नगरला. दोनदा हुकलंय. यंदा शेवटची संधी. मी मेट्रोने जाते."

"मुळीच नाही! आपल्याच गाडीने जायचं. तो पट्टा आणि मी, दोघं मिळून तुला पोचवू!"

"पापा, मेट्रो सीधी जाती है, यार," वेदिका फोनमधून मान वर न काढता म्हणाली. लेकीला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

बुधवारी सकाळी गाडी झोकात निघाली. कानपूर रोडपर्यंत चंद्रहासांची छाती फुगलेली होती. "ऐक, कसा सतारीसारखा आवाज येतोय!"

आणि आवाज बंद झाला! धडाम नाही, खडखड नाही. डॅशबोर्डवरचे सगळे लाल दिवे लागले आणि गाडी मेट्रोच्या पुलाखाली सरपटत येऊन थांबली. चंद्रहासांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच भिरभिरलं.

"पेट्रोलमध्ये काहीतरी असेल..."

विनयाने घड्याळ पाहिलं. फाइल काखेत मारली, साडी सावरली आणि मेट्रोचा जिना चढून गेली. इंटरव्ह्यूला पंचवीस मिनिटं होती. चंद्रहास पहिल्यांदाच धास्तावले. गाडी गेली तर गेली, पण हिचं प्रमोशन माझ्यामुळे हुकलं तर?

फोन केल्यावर शमशाद मियाँ स्कूटरवरून आले. झाकण काढलं. चंद्रहासांनी खिशातून भिंग काढलं. पट्ट्याच्या पाठीवर भेग आत्ताही नव्हती! फक्त भिंग जिथे पोचलंच नव्हतं, ते आतल्या बाजूचे दात गळून गेले होते.

"वाल्व भी मुड़ गए होंगे," मियाँ हळहळले. "ग़लती हमारी है, डॉक्टर साहब. हम आपको ठीक से समझा नहीं पाए."

"अहो, शिव्या द्या मला!" चंद्रहास कळवळले. "हमारे सांगली में अब तक पूरा गाँव मुझपर हँस चुका होता!"

"तौबा, तौबा," म्हणत मियाँनी रस्त्याकडेचा चहा मागवला.

दुपारी चंद्रहास मियाँच्या गॅरेजात बसले असताना विनयाचा फोन आला. त्यांनी तो घाईघाईने उचलला.

"वेळेत पोचले. त्यांनी विचारलं, धोका आधीच कसा ओळखाल? मी तुमची आणि पट्ट्याची गोष्ट सांगितली. सगळे पोट धरून हसले! अध्यक्षांनी तर तिथल्या तिथे स्वतःच्या मेकॅनिकला फोन लावला. यंदा होणार बहुतेक!"

चंद्रहासांची छाती पुन्हा फुगली. "बघ! मी पट्टा बदलला असता तर तू काय सांगितलं असतंस? म्हणजे माझा निर्णय बरोबरच होता!"

पलीकडून विनया अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हो. तुम्हालाच जास्त कळतं." आणि फोन ठेवला.

चंद्रहास मियाँकडे वळले. "मियाँ... पत्नी बहस नहीं कर रही है!"

शमशाद मियाँच्या हातातला पाना खाली पडला. चाळीस वर्षांची अदब त्यांनी पहिल्यांदाच बाजूला ठेवली.

"तो खड़े क्या हैं? घर भागिए!"