धुऱ्यावरची बरबटी

रांधण्यात अशी काय मोठी विद्या आहे, हे मला कोणी समजावून सांगू शकलेलं नव्हतं. जाळ घालायचा, पाणी घालायचं, मीठ घालायचं. बाकीचं काम अग्निदेव करतो. हे मी वलगावच्या पारावर बसून मोठ्या तोंडाने बोललो. बोललो ते बोललो, वर खुशालरावाच्या देखत बोललो. तिथेच घात झाला.

त्या साली वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सात समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. ज्याच्याकडे वावर होतं त्याने पऱ्हाटी लावली, ज्याच्याकडे नुसतं अंगण होतं त्यानेही लावली. मग बोंडं फुटली, वावरं पांढरीशुभ्र झाली आणि वेचायला बाया मिळेनात! वेचणारी बाई रस्त्याने निघाली की पारावरचे मोठमोठे बागायतदार उठून उभे राहत आणि घरच्या ख्यालीखुशालीची चौकशी करत.

त्यातून माणिकबाई म्हणजे तर राणीच. तिच्या मागे वीस बाया चालत. ती ज्या वावरात पाय ठेवील तिथला कापूस घरात, बाकीच्यांचा मातीत. माझा सगळा कापूस एकदम फुटला होता आणि आभाळात भलत्या वेळी ढग जमू लागले होते. पाच दिवस माणिकबाई आली तर माझं वर्ष तरलं. नाही आली तर झाडावरचा कापूस झाडावरच काळा पडणार होता.

"म्या बायाईले गुळाचा शिरा खाऊ घालतो," खुशालराव पारावर मिशीला पीळ देत म्हणाला. त्याचं वावर माझ्या वावराला लागूनच. "तू काय घालशीन शेषराव? तुही तर बायको बी घरी नाई."

खरं होतं. रुख्मिणी भावजयीच्या बाळंतपणाला मूर्तिजापूरला गेली होती.

"पाच दिवस, पाच नवे पदार्थ," मी म्हणालो. "अन् म्या सोता रांधीन."

सगळा पार हसला. मला वाटलं, कौतुकाने हसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चूल पेटवली. वेचणीचा पहिला दिवस म्हणजे सीतादहीचा. बाया वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सीतामाईची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग धनी त्यांना जेवू घालतो. मी बरबटीचं कालवण करायचं ठरवलं. बरबटी म्हणजे काही गावांकडची चवळी. माझा डंका ऐकून खुशालरावाच्या बायाही पळून येतील, या हिशेबाने पन्नास माणसांची बरबटी मोठ्या हंड्यात शिजायला टाकली.

मला तेव्हा भयंकर पडसं झालं होतं. नाकाची दोन्ही दारं बंद. पण रांधायला नाक कशाला लागतं? हात लागतात. मध्येच हंड्यातून काळा धूर आला, तो मी चुलीचा समजलो. वरची बरबटी बोटांत धरून दाबली, ती दबेना. म्हटलं, बियाणं चांगल्या जातीचं दिसतं. वरून पसाभर तिखट आणि जवसाच्या तेलाची फोडणी दिली आणि हंडा बैलगाडीत चढवला.

माणिकबाई आली, पण वीसच बाया घेऊन आली. खुशालरावाकडून कोणी पळून आलं नाही. पूजा झाली, दुपार झाली, मी पळसाच्या पत्रावळी मांडू लागलो, तर माणिकबाई म्हणाली, "शेषरावभाऊ, तुमी इथी थांबा. आमी तिकडच्या धुऱ्यावर बसतो. बाप्यापुढं जेवाले बायाईले लाज वाटते."

रीतच आहे ती. मी गाडीजवळ थांबलो. बाया पाठ करून दूर बसल्या. थोड्या वेळाने पत्रावळी परत आल्या, त्या अशा स्वच्छ, की त्यांवर पुन्हा वाढावं.

"कसं झालं होतं?" मी विचारलं.

"असं कालवण म्या जल्मात खाल्लं नाई," माणिकबाई गंभीरपणे म्हणाली.

माझी छाती दोन बोटं फुगली.

आता प्रश्न उरलेल्या तीस माणसांच्या बरबटीचा. अन्न टाकणं पाप, आणि मी तर पाच नवे पदार्थ कबूल करून बसलेलो. डोक्यात एकदम उजेड पडला. पदार्थ नवा पाहिजे. बरबटी नवी पाहिजे असं कोण म्हणालं? दुसऱ्या दिवशी मी रस्सा निथळून काढला, बरबटीत चण्याचं पीठ कालवलं आणि वडे तळले. बरबटी वाटायच्या भानगडीत पडलो नाही. दाणे जसेच्या तसे बाहेर डोकावत होते. म्हटलं, शोभा वाढली.

बाया वडे घेऊन धुऱ्यावर गेल्या. पत्रावळी स्वच्छ परत आल्या.

तिसऱ्या दिवशी निथळलेल्या रश्श्यात ज्वारीचं पीठ मळलं, मूठभर दाणे टाकले आणि धपाटे थापले. ते तव्याला असे चिकटले, की मला खुरपं आणावं लागलं. पण निघाले. पत्रावळी पुन्हा स्वच्छ! जाता जाता माणिकबाई थबकली.

"रुख्मिणीबाई कदी येनार हाय?"

"पुढच्या आठवड्यात. काहून?"

"काई नाई. इचारलं."

मी मनात म्हटलं, बिचारीला रुख्मिणीजवळ माझं कौतुक करायचं असेल.

चौथ्या दिवशी गोळ्यांची कढी. उरलेले वडे आणि बरबटी एकत्र कुस्करून गोळे वळले आणि ताकात सोडले. बरबटीला तोवर फेस आला होता, त्यामुळे ताक निम्मंच लागलं. ही काटकसर मी संध्याकाळी पारावर मुद्दाम सांगितली नाही. बाकी सगळं सांगितलं. बाया माझ्या हातच्या जेवणासाठी येतात, पत्रावळी चाटून पुसून परत देतात, आणि शिरा काय, तो कोणीही करतो. खुशालरावाच्या मिशीचा पीळ सुटला. 

पाचव्या दिवशी थोडासा कापूस उरला होता आणि ढग अगदी डोक्यावर आले होते. मी घरात उरलेलं सगळं, म्हणजे कढी, गोळे, धपाट्यांचे तुकडे आणि हंड्याच्या तळाची बरबटी, गंज म्हणतात त्या मोठ्या पातेल्यात ओतलं, वर लसणाची फोडणी घातली आणि त्याला पंचमेळ असं नाव दिलं. वावरात पोचलो तर गुलाम नबी आपली गाडी घेऊन आलेला. तो अमरावतीला माझा कापूस नेणार होता.

"शेषरावभाऊ, किती दिवसापासून सूं सूं करून राहिले तुमी," तो म्हणाला आणि कमरेची पुरचुंडी सोडून माझ्या हातात दिली. "भाजेला ओवा हाय. जोरानं सुंगा. खुदाकसम, नाक खुलते."

मी जोराने हुंगला. डोळ्यांतून पाणी आलं, कानात दडे बसले, आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा दोन्ही नाकपुड्या सताड उघडल्या.

तेवढ्यात धुरा ओलांडून खुशालराव आला. हातात घरची पितळी घेऊनच आला होता.

"गावभर तुह्या रांधन्याचं नाव होऊन राहिलं," तो गाडीजवळ बैठक मारत म्हणाला. "मले बी चाखू दे. इथंच, सगळ्याईपुढं."

मी ऐटीत गंजावरचं झाकण उचललं.

पावसात भिजलेलं पोतं गोठ्यात आठ दिवस पडून राहावं आणि मग कोणी तरी ते पेटवून द्यावं, तसा वास आला. मी झाकण पुन्हा लावलं. गुलाम नबीचे बैल दोन पावलं मागे सरकले. पाच दिवस मी हे वीस बायांना वाढत होतो! नैवेद्याच्या दिवसापासून! जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं.

"काहून बे, वाढ ना," खुशालराव पितळी पुढे करत म्हणाला.

वाढलं असतं तर संध्याकाळपर्यंत वलगावात शेषरावाने लेकुरवाळ्या बायांना नासकं खाऊ घातलं अशी दवंडी पिटली असती. मग पुढच्या वेचणीला माणिकबाईच काय, तिची सावलीसुद्धा माझ्या धुऱ्याला लागली नसती. आणि त्यात खोटं काहीच नसतं. मी पळी हातात घेऊन नुसता उभा राहिलो. माझं तोंड पाहून कोणालाही कळलं असतं.

कळलं ते माणिकबाईला. ती पऱ्हाटीतून सरळ आमच्याकडे आली आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"आदी बाया जेवतीन," ती खुशालरावाला म्हणाली. "वेचनारीनच्या वाट्याचं अन्न हाय हे. उरलं तं तुमाले."

तिने एकेका बाईला बोलावून गंज वाढून टाकला. तळ खरवडून शेवटचं स्वतःच्या पत्रावळीवर घेतलं. मग, बाप्यापुढे जेवायला लाजणारी ती बाई आम्हा तिघांच्या देखत मांडी घालून बसली. पदर सावरला आणि घास घेतला. चावला. गिळला. तिच्या मागे वीसही जणींनी घेतला.

"कसं हाय, माणिकबाई?" खुशालरावाने डोळे बारीक करून विचारलं.

"उरलं नाई, भाऊ," ती म्हणाली. "इतकं सांगतलं तं समजा."

खुशालराव रिकामी पितळी घेऊन परत गेला. त्याच्या पाठीकडे पाहून हसावं असा प्रसंग होता, पण मला हसू आलं नाही. पळीला लागलेलं मी जिभेवर घेतलं. करपट, आंबट, आणि मधोमध एक दाणा, दगडासारखा कच्चा. तो मी थुंकला आणि माणिकबाईच्या पुढ्यात जाऊन बसलो.

"माणिकबाई, पाच दिवस तुमी हे खाल्लं? अन् तरी आल्या? काहून?"

तिने आधी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं.

"गेल्या सालच्या तापात रुख्मिणीबाईनं माह्या सुनेले पंधरा दिवस पेज पाठवली. आपल्या हातानं आनून पाजली. आमी तिच्या वावरात आलो, भाऊ. तुमच्या पंगतीले नाई." मग माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. "अन्नाले नाव ठेवू नये. चाला, ढग आले. दोन ओळी राहिल्या."

कापूस सगळा घरात आला. पाऊस दुसऱ्या दिवशी आला. मी जिंकलो होतो, आणि मला कोणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. रुख्मिणी परत आली त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, एक दाणा लपवला नाही. त्या माउल्यांनी पाच दिवस माझं पाप गिळलं हे सांगताना माझे डोळे भरले. रुख्मिणी मान खाली घालून ऐकत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे.

त्यानंतर मी सुधारलो. पार सोडला, बोलणं सोडलं. माणिकबाई दिसली की रस्त्यावरून बाजूला होऊन हात जोडायचो.

मग आषाढ लागला. दोन पाऊस पडल्यावर मी आणि रुख्मिणी वावर पाहायला गेलो. पलीकडच्या धुऱ्यावर, बाया जेवायला बसत तिथे, कसले तरी वेल आले होते. खाली वाकून पान पाहिलं. बरबटी! एका रांगेत, हात हात अंतरावर, जणू कोणी खड्डे करून पुरली असावी अशी.

तुम्ही म्हणाल, शिजवलेली बरबटी उगवते कशी? शिजवलेली उगवत नाही. तेच तर सांगतो आहे. वड्यांत घातली, धपाट्यांत घातली, कढीत सोडली, तरी ती शिजली नव्हती. सहा महिने मातीत पडून उंदरांनीही तिला तोंड लावलं नव्हतं.

"पत्रावळी स्वच्छ यायच्या," मी पुटपुटलो.

"येतीन नाई तं काय," रुख्मिणी म्हणाली. आता तिने हसू लपवलं नाही. "जायच्या आदीच म्या माणिकबाईले सांगतलं होतं, घरधनी रांधतो म्हनतीन, तं तुमी आपापली भाकर पदराले बांधून आना. अन् त्याईले कळू देऊ नका, जीवाले लावून घेतीन."

म्हणजे सहा महिने मी ज्या सोसण्यापुढे हात जोडत होतो, तेही त्यांनी सोसलं नव्हतं. मला आधी मोठं हलकं वाटलं. पाप कमी झालं ना! मी हिशेब पाहावा म्हणून वेलांचे पुंजके मोजू लागलो. पहिल्या दिवसाचा, कालवणाचा. दुसरा वड्यांचा. तिसरा धपाट्यांचा. चौथा कढीचा, तो जरा जास्तच फोफावलेला.

"पाचवा कुठी हाय?" मी विचारलं.

रुख्मिणी हसायची थांबली. चौथ्या पुंजक्यापुढे नुसतं गवत होतं. मी ते दोन्ही हातांनी बाजूला सारून पाहिलं, पुढे दहा हात पाहिलं, धुऱ्याच्या पलीकडेही पाहिलं.

पाचवा नव्हता.