दोन बैलांत एक झडती

"तुह्या मनानं लिही," महादेवराव म्हणाले, आणि वली पेंटरने उचललेला ब्रश परत डब्यात ठेवला.

पोळ्याची सकाळ होती. महादेवरावांच्या अंगणात दोन बैल धुऊन उभे होते आणि वली गेरूचा डबा घेऊन त्यांच्यासमोर. तेल्हाऱ्याच्या आसपास त्याने जन्मभर लिहिलं, पण सगळं दुसऱ्यांच्या मनाने. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या बियाण्यांच्या जाहिराती, ट्रकमागचे सुविचार. ऱ्हस्वदीर्घ चुकलं की तो शांतपणे म्हणायचा, "गिऱ्हाइकानं देल्लं तसं लिवलं." या एका वाक्याच्या आडोशाला त्याचं सारं आयुष्य सुखाने गेलं होतं. पुढे अकोल्याला जठारपेठेत फ्लेक्सचं मशीन आलं आणि पाट्यांची कामं संपली. बैलाच्या अंगावर फ्लेक्स टिकत नाही, म्हणून पोळा तेवढा उरला. आणि आता बैलच उरेनासे झाले होते.

तसं त्याच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं असं नाही. पोळा तोरणाखाली जमला की त्या भागात झडत्या म्हणतात. कोणीतरी स्वतः जुळवलेल्या चार ओळी खड्या आवाजात म्हणायच्या, आणि गावाने "हर हर महादेव" केलं की झडती पुरी झाली. वली दरवर्षी रंग कालवताना झडत्या जुळवायचा, बायकोला ऐकवायचा आणि गिळून टाकायचा. लोक हसतील याची त्याला भीती होती, आणि त्या हसण्याचं खापर फोडायला गिऱ्हाईक नसणार याची जास्त.

"ठेवा पोटातच," त्याची बायको शहाजादी आज तो निघताना म्हणाली होती. "एक दिवस डाक्टर चीरके काढतीन."

यंदाची जोडी खरं तर जोडीच नव्हती. पावसाने डोळे वटारले, वैरण एकाच्याच पोटापुरती राहिली, तेव्हा महादेवरावांनी एक बैल बाजारात नेला. समोरच्या इंदूबाईचंही तेच. तिचा नवरा परसाली गेला. कसा गेला, ते गावात कोणी मोठ्याने बोलत नसे. एकटा बैल पोळ्यात कसा न्यायचा, म्हणून दोघांनी आपापला उरलेला बैल एकत्र बांधला. झुली घेण्याचं या वर्षी कोणाच्या मनातही आलं नव्हतं, म्हणून नुसत्या गेरूवर भागवायला वलीला बोलावलं होतं.

दोन्ही बैल एकमेकांकडे न बघता उभे होते. त्यांच्याकडे पाहता पाहता वलीच्या मनात एक झडती जुळली, आणि या वेळी ती गिळवेना. चार ओळींना जागा नव्हती, म्हणून त्याने शेवटच्या दोनच घेतल्या. इंदूबाईच्या बैलाच्या डाव्या कुशीवर त्याने लिहिलं, 'जोडीदार अर्ध्यात गेला'. महादेवरावांच्या बैलाच्या उजव्या कुशीवर लिहिलं, 'तरीबी हा उभा राह्यला'. प्रत्येक पाटीखाली तो 'वली आर्ट्स' असं टाकायचा. इथे मात्र त्याचा हात धजला नाही.

दोन बैल, दोन ओळी, झोकात जमलं असं त्याला वाटलं. पण जोडी उभी राहिली की डावीकडच्याला डावाच बैल दिसतो आणि उजवीकडच्याला उजवाच, एवढी साधी गोष्ट त्या भल्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

संध्याकाळी पोळा भरला. तोरणाच्या उजव्या हाताला मांडव होता आणि मांडवात प्रमुख पाहुणे गुलाबराव. ते निवडणुकीला दोनदा पडलेले आणि यंदा तिसऱ्यांदा उभे. त्यांनी समोरचा बैल वाचला. 'तरीबी हा उभा राह्यला.' मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "दोनदा पडून." मांडवभर खसखस पिकली.

डावीकडे देवळाच्या पायऱ्यांवर बाया बसल्या होत्या. माणिकबाईने चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, "जोडीदार अर्ध्यात गेला." आणि तेही इंदूबाईच्याच बैलावर. इंदूबाईने मान खाली घातली.

"इधवा बाईची थट्टा करून राहिले?" माणिकबाई उठलीच. "शरम ठेवली का नाही?"

"फिरवा ते बैल," गुलाबरावांचा माणूस ओरडला. "साहेबांच्या समोरून हटवा."

महादेवरावांना समोरून फक्त शिंगं दिसत होती, त्यामुळे कोण कशावर चिडलं ते त्यांना कळेना. त्यांनी गडबडीने जोडी उलटी फिरवली. आता गुलाबरावांसमोर 'जोडीदार अर्ध्यात गेला' आलं. त्यांचा उजवा हात समजला जाणारा माणूस आठवड्यापूर्वीच दुसऱ्या पक्षात गेला होता. मांडव आता तोंडावर हात न ठेवता हसला. आणि पायऱ्यांवरच्या बायांना, दोर धरून घामाघूम झालेल्या महादेवरावांच्या शेजारी दिसलं, 'तरीबी हा उभा राह्यला'.

"पाहा तं, उभाच हाय अजून," माणिकबाई महादेवरावांकडे बोट दाखवून म्हणाली.

गुलाबराव खुर्चीतून उठले. "कोनं लिवलं हे?"

साऱ्या गावाने वलीच्या लाल हातांकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती. जुनं वाक्य आपसूक जिभेवर आलं, "गिऱ्हाइकानं..."

"मीच सांगतलं त्याले," महादेवराव हळूच म्हणाले.

सुटका अशी समोर येऊन उभी राहिली होती. वलीने महादेवरावांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, इंदूबाईच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"नाही सांगतलं त्याहिनं," तो म्हणाला. "माह्यं हाय. आन् अर्धं अर्धं नका वाचू. झडती हाय ते. आयका."

डोळे मिटून त्याने म्हटली:

"वैरण सरली, बजार भरला,
एक बैल इकला, एक घरी उरला;
जोडीदार अर्ध्यात गेला,
तरीबी हा उभा राह्यला."

कोणी हसलं नाही. लोक हसले तर काय करायचं, याचा त्याने वर्षानुवर्षं विचार केला होता. नाहीच हसले तर काय करायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. झडतीनंतरची ती आरोळी येईना. ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर ज्याचा त्याचा रिकामा खुंटा आला असावा.

मग पायऱ्यांवरून एक बारीक, चिरका आवाज आला. "हर हर महादेव." तोरणाखाली बायांनी आरोळी द्यायची रीत नव्हती. इंदूबाईने दिली. आणि मग साऱ्या गावाने ती उचलली.

तोरण तुटून पोळा फुटल्यावर गुलाबराव वलीला बाजूला घेऊन म्हणाले, "पेंटर, ते उभं राह्याची ओळ मले प्रचाराले पाह्यजे. तेवढीच."

"अर्धी नाही भेटत, साहेब. जोडीदारासकट घ्या लागते."

गुलाबरावांना आपला जोडीदार आठवला. ते गाडीत जाऊन बसले.

इंदूबाई बैल सोडवायला आली. "वलीभाऊ, खाली नाव नाही टाकलं तुमी?"

वलीने ब्रश गेरूत बुडवला आणि शेवटच्या ओळीखाली टेकवणार, तोच पहाटेपासून ताटकळलेला महादेवरावांचा तो बैल मोठा सुस्कारा सोडून मटकन खाली बसला. 'उभा राह्यला' ही अक्षरं धुळीत टेकली.

आधी इंदूबाईला हसू फुटलं, मग महादेवरावांना, मग माणिकबाईसकट सगळ्यांना. ज्या हसण्याला वली जन्मभर भीत आला होता, ते हेच. त्याला काहीही झालं नाही.

ब्रश हातात धरून, बैल उठायची वाट पाहत तो तिथेच उभा राहिला.