मेहुण्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस

"दिवस मोजायचं काम माझ्यावर सोडा!" बांगड्यावाल्या नजीर मण्याराने छाती फुगवून सांगितलं. त्याच्या बायकोने, ताहेराने, तेव्हाच ते काम त्याच्याकडून काढून घ्यायला हवं होतं.

ताहेराचा भाऊ बद्रुद्दीन मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला आणि तिथलाच झाला. आता वीस वर्षांनी नाशकात आला तो परदेशी माणूस म्हणून! ज्या गल्लीत तो लहानपणी उघडा फिरला, तिथे राहायला सरकारचा परवाना! पासपोर्टावरचा शिक्का बघायला सगळी गल्ली लोटली. नजीर हात धुऊन तो दाखवायचा. शिक्क्यातला मुकुट दिसला की त्याच्या अंगावर काटा यायचा.

मुदतीची शेवटची तारीख नेमकी एकोणतिसाव्या रोज्याला पडत होती. त्याच संध्याकाळी चाँद दिसला तरी ईद दुसऱ्या दिवशी. आणि मुदतीपेक्षा एक दिवस जास्त नाशकात राहिलं तर तुरुंग, शिवाय परवाना कायमचा बंद!

"भाईजानबरोबर एक ईद, एवढंच मागत होते मी," ताहेरा म्हणायची आणि डोळे पुसायची. शेवटी तिने ईदचा शीरखुर्मा आधीच करून डब्यात भरला. बोटीवर खाईल बिचारा!

इकडे नजीरने हिशोब लावला. सूर्य मावळला की दिवस संपला, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. म्हणजे मगरिबच्या नमाजाआत मेहुणा संध्याकाळच्या गाडीत हवा! टांगेवाल्या रावजीला त्याने बजावलं, "आजचा दिवस संपायच्या आत स्टेशनावर पोचव हं!"

"पोचवतो की! लय टाईम हाय," रावजी म्हणाला, आणि घोड्याला चारा टाकून खुशाल झोपला. त्याच्या लेखी उजाडल्याशिवाय दिवस बदलतच नव्हता.

नजीरने त्याला हलवून उठवलं तेव्हा सांजेचं ऊन भिंतीवर चढलं होतं. मग काय! ताहेरा डबा घेऊन भावाशेजारी बसली, आणि टांगा असा उधळला की बद्रुद्दीनची टोपी वाटेतच राहिली.

"थांब, टोपी!"

"टोपी गेली तरी चालेल, डोकं वाचवा!" नजीर ओरडला.

नाशिक रोड स्टेशन समोर दिसायला लागलं आणि बांग झाली. तिघांनी पाण्याच्या घोटावर रोजा सोडला, पण नजीरचं लक्ष बुडालेल्या सूर्याकडे होतं. मुदत संपली होती! स्टेशन येताच तो टांग्यातून उडी टाकून फलाटावरच्या हवालदारासमोर उभा राहिला आणि दोन्ही मनगटं पुढे केली.

"मला बेड्या घाला! हिशोब माझा चुकला. माझ्या मेहुण्याला सोडा!"

हवालदार दचकला. त्याने पासपोर्ट घेतला, कंदिलाजवळ नेला, वाचला.

"मुदत आज रात्री बारापर्यंत आहे. पुढची गाडी दहाला आहे. बेड्या कशाला?"

"बाराला?" नजीरने आ वासला. "सूर्य नाही, चाँद नाही, सगळे झोपलेले! आणि तेव्हा दिवस बदलतो?"

"सरकारचा बदलतो."

नजीर थक्क झाला. काय ही सत्ता! माणूस घोरत असतो आणि त्याच्या उशापासून अख्खा दिवस उचलून नेतात!

तेवढ्यात ताहेराने त्याचा दंड पकडला. मालधक्क्याच्या वर, विझत्या लालीत, चाँद होता. इतका बारीक, की श्वास सोडला तर हरवेल असं वाटावं. हमालांनी ओझी खाली ठेवली. हवालदारानेही टोपी काढली. दर वर्षी दिसणारा तो चाँद बघून नजीरला मुकुटाचा शिक्का पहिल्यांदाच छोटा वाटला.

"हवालदारसाहेब," ताहेरा हळूच म्हणाली, "तुमच्या सरकारचा अजून आजचाच दिवस ना?"

"हो बाई."

"आणि आमच्यात चाँद दिसला की ईद लागली. म्हणजे ईद लागली, आणि माझा भाऊ नाशकातच आहे!"

हवालदाराने डोकं खाजवलं. ताहेराने डबा उघडला आणि पन्नाशीच्या भावाला हाताने भरवायला लागली. बद्रुद्दीन हुंदके देत खात होता. मग नजीरने खाल्लं, हवालदाराने खाल्लं, हमालांनी खाल्लं.

"माझ्या हिशोबानं तर उजाडेपर्यंत टाईम हाय," म्हणत रावजीने डबा चाटूनपुसून साफ केला.

दहाच्या गाडीने बद्रुद्दीन गेला. परतताना ताहेरा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली. निम्मी वाट सरल्यावर नजीर चाचरत म्हणाला, "उद्या सकाळी नमाजाहून आलो, की मला वाटीभर शीरखुर्मा..."

"उद्या? कशाचा?" ताहेराने डोळे पुसले आणि खुदकन हसली. "दिवस सूर्य मावळल्यावर बदलतो ना तुमचा? मग ईद मघाशीच लागली, आणि जेवूनही झाली तुमची! उद्या भाकरी खा आणि दुकान उघडा."