भाडं बसून ऐकावं

कांबळे सिस्टर कुणासाठी घर बघायला निघाल्या की सोबत घडीचं स्टूल घेतात. कालव्याच्या काठाला गळ टाकून बसणारे लोक वापरतात तसलं, हिरव्या कापडाचं, खांद्याला अडकवायला पट्टा असलेलं. घर त्यांना स्वतःला नको असतं. वेम्बलीत त्यांचं छोटंसं घर आहे आणि त्याचे हप्ते फिटूनही जमाना झाला. त्या जातात त्या आमच्यासारख्या, नुकत्याच विमानातून उतरलेल्या आणि थंडीने नाक पुसत फिरणाऱ्या लोकांसाठी. एजंट खोल्या दाखवतो, खिडकीतून दिसणारं झाड दाखवतो आणि भाड्याचा आकडा सांगायला तोंड उघडतो. तेवढ्यात सिस्टर हात वर करतात.

“वन मिनिट, लव्ह. लेट मी सिट.”

मग स्टूल उघडतं. सिस्टर बसतात, पर्स मांडीवर घेतात, कोटाचं वरचं बटण सोडतात आणि म्हणतात, “नाउ टेल मी.”

आकडा ऐकल्यावर त्या एजंटकडे नुसत्या बघत राहतात, वॉर्डात चोरून सिगरेट ओढणाऱ्या पेशंटकडे बघावं तशा. एका कोवळ्या एजंटने तिसऱ्या मिनिटाला आपणहून पन्नास पौंड कमी केले होते आणि घाबऱ्या आवाजात पाणी हवंय का विचारलं होतं.

“चाळीस वर्षं वॉर्डात काढली,” त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “नातेवाइकांना वाईट बातमी कधी उभ्याने सांगायची नाही. आधी खुर्ची द्यायची. माणूस बसला की निम्मा धक्का खुर्ची घेते. भाडं बसून ऐकावं, वैशू.”

सिस्टर एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मूळच्या खडकीच्या. तरुणपणी नर्स म्हणून इथे आल्या, सिस्टर झाल्या आणि रिटायर झाल्यावरही सिस्टरच राहिल्या. विहारात, भाजीवाल्याकडे, बसस्टॉपवर, सगळीकडे सिस्टर. लग्न राहून गेलं. का, ते मी एकदा विचारलं होतं. “ड्यूटीच्या वेळा जमल्या नाहीत,” एवढंच उत्तर मिळालं.

इतकी वर्षं लंडनमध्ये राहूनही या बाईला लंडनचा रोज नव्याने धक्का बसतो. ईलिंग रोडवर कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकून त्या दुकानदाराच्या कांद्याच्या पोत्यावर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. “पौंडाला तीन देत होतास रे तू,” त्या म्हणाल्या. दुकानदार म्हणाला, “सिस्टर, ते माझे वडील होते.” गॅसचं बिल त्या सोफ्यावर बसून उघडतात, कौन्सिलचं पत्र जिन्याच्या पायरीवर. “मी हादरले, बरं का,” हे वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा तरी ठरलेलं.

पण मी त्यांच्या दारात आले तेव्हा हादरण्याची पाळी माझी होती.

मी रेडिओग्राफर. नाशिकहून इथल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली. नवरा निलेश आणि आठ वर्षांची अन्वी मागे राहिले. मी आधी जायचं, घर बघायचं, मग त्यांनी यायचं असं ठरलं. मी हुशार ना, म्हणून घर नाशिकमध्येच बसून बघून टाकलं. लंडनमधल्या मराठी लोकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने फ्लॅटचे फोटो टाकले होते. त्याने मला “नमस्कार ताई, काही काळजी करू नका, आपलीच माणसं आहोत” असं लिहिलं, तेही देवनागरीत, काळजीतला ‘ळ’ शाबूत ठेवून. मी एका महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट पाठवून दिलं. विमानतळावरून दोन बॅगा ओढत त्या पत्त्यावर पोचले तेव्हा दार उघडलं ते गाउन घातलेल्या एका बाईने. ती तिथे अकरा वर्षं राहत होती. तिच्या घरातलं काहीही भाड्याने नव्हतं. त्या नमस्कारवाल्याचा फोन कायमचा बंद झाला होता. मला तिथल्या पायरीवरच बसावं लागलं. तेव्हा ठाऊक नव्हतं, पण नकळत मी सिस्टरांचा नियम पाळत होते.

कांबळे सिस्टर माझ्या आत्याच्या नर्सिंगमधल्या मैत्रीण. आत्याने निघताना जबरदस्तीने त्यांचा नंबर दिला होता आणि मी मनातल्या मनात हसून तो ठेवून घेतला होता. त्या दुपारी तोच लावला. अर्ध्या तासात सिस्टर टॅक्सी करून हजर. टॅक्सीचे पैसे देताना हादरल्या, मग माझी कहाणी ऐकून जास्त हादरल्या.

“मराठीत लिहिणारा चोर नसतो, हे तुला कुठल्या पुस्तकात दिसलं?”

“त्याने ताई म्हटलं हो, सिस्टर.”

“मग मी तुला राणीसाहेब म्हणते. काढ पैसे.”

असं बोलतच त्यांनी माझी मोठी बॅग उचलली आणि वरच्या छोट्या खोलीत नेऊन ठेवली. “घर मिळेपर्यंत राहा. फार तर चार आठवडे लागतील,” त्या म्हणाल्या. भाडं मी हट्टाने देऊ केलं. सिस्टर बसल्या, नोटा मोजल्या, “बाई गं, एवढे घेते मी?” म्हणाल्या आणि त्यातल्या दोन परत दिल्या. दर शनिवारी हे असंच चालायचं.

घर शोधायची त्यांची रीत वेगळीच. आधी गल्ली, मग घर. गल्लीच्या टोकाच्या बसस्टॉपवर आम्ही उभं राहायचं. थंडीत इथे चार वाजता दिवे लागतात. त्या अंधारात एखादी म्हातारी बाई एकटी, बाजाराची चाकांची पिशवी ओढत, घाई न करता जाताना दिसली पाहिजे. दिसली तर गल्ली पास. “पोलिसांचे आकडे बघू नकोस,” त्या सांगायच्या. “म्हातारीला आपली गल्ली कळते. ती ज्या रस्त्याने एकटी जाते, त्या रस्त्याने तुझी पोरगीही जाईल.” एकदा तासभर कुडकुडून एकही म्हातारी आली नाही, तेव्हा आम्ही घर न बघताच परत आलो. बिचारा एजंट दारात किल्ली घेऊन उभा होता.

घरात शिरल्यावर तपासणी. बॉयलरला कान लावायचा. नळ उघडून मनात साठ मोजायचे. खिडकीची कडी तीनदा लावून बघायची. भिंतीवर अंगठा दाबून धरायचा, सुजलेल्या पायावर दाबतात तसा, आणि उचलून तिथे खूण राहते का ते बघायचं. शेवटी एजंटला एकच प्रश्न, “मागचा भाडेकरू का गेला? मेला की पळाला?” हे त्या साध्यासुध्या इंग्रजीत असं विचारायच्या की मला तोंड फिरवून झाडाकडे बघावं लागायचं.

पाच घरं झाली. पहिलं खरंच वाईट होतं, न्हाणीघरात अळंबी उगवली होती. दुसऱ्याचं भाडं ऐकून मलाच स्टूल मागावंसं वाटलं. तिसऱ्याचा बॉयलर “छातीत कफ झाल्यासारखा” वाजत होता. चौथ्याला म्हणे जिना उभा. पाचवं घर मला आवडलं. ऊन येत होतं, भाडं झेपणारं होतं, स्टेशन जवळ. सिस्टरांनी आतल्या खोलीच्या भिंतीवर अंगठा दाबला आणि मान हलवली.

“ओल आहे. पोरगी वर्षभर खोकेल.”

झालं. पोरगी म्हटल्यावर मी काय बोलणार?

इकडे चार आठवड्यांचे दहा झाले होते. पत्त्याशिवाय अन्वीच्या शाळेचा अर्ज भरता येत नव्हता आणि शाळेचं ठरल्याशिवाय निलेश तिकीट काढायला तयार नव्हता. अन्वी व्हिडिओ कॉलवर आधी रोज विचारायची, “आई, घर सापडलं का?” मग एक दिवस तिने विचारणं बंद केलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीतून निघून मी त्या पाचव्या घरी एकटी गेले. एजंटने नाखुशीने दार उघडलं. मी सरळ आतल्या खोलीत जाऊन भिंतीला तळहात लावला. वरपासून खालपर्यंत फिरवला. भिंत भाकरीच्या तव्यासारखी कोरडी होती. घर मात्र सकाळीच दुसऱ्या कुणाला गेलं होतं.

लंडनने मला बरेच धक्के दिले होते, पण त्या कोरड्या भिंतीइतका एकही नाही. ‘आपलीच माणसं’ म्हणणाऱ्याने एकदा फसवलं, ते समजू शकते. पण सिस्टर? माझं डोकं इतकं तापलं होतं की मी दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत घरी गेले.

सिस्टर स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या.

“सिस्टर, ती भिंत कोरडी होती.”

लाटणं थांबलं नाही. “आज असेल कोरडी.”

“तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.”

“पावसाळ्यात बघ तिला.”

“सिस्टर, इथे बाराही महिने पाऊस असतो.”

पोळीला तिसरा कोपरा फुटला होता. सिस्टरांची पोळी वाकडी झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. मला भांडायचं होतं, चांगले चार शब्द तयार करून आणले होते. पण तव्यासमोर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्या मला एकदम फार लहान दिसल्या. मला आठवलं की माझ्या आधी त्या वरच्या खोलीत राहणारी सुनीताही चार आठवड्यांसाठी आली होती आणि दीड वर्ष राहिली होती. खोलीत तिच्या आधीच्या कुणाचे तरी मोजे निघाले होते, ते सिस्टरांनी धुऊन, घडी करून कपाटात ठेवले होते. मी ताट घेतलं आणि ती वाकडी पोळी खाल्ली.

“किंग्जबरीला एक घर आहे,” मी म्हणाले. “शनिवारी येणार?”

“येते ना,” त्या म्हणाल्या. “स्टूल घेते.”

शनिवारी आम्ही गल्लीच्या टोकाला उभ्या राहिलो. पाचच मिनिटांत एक म्हातारी बाई आली. एकटी, चाकांची पिशवी ओढत, स्वतःशी काहीतरी गुणगुणत. दोन दिव्यांमधला अंधाराचा पट्टा तिने रमतगमत ओलांडला. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. बाई नेमकी आम्हाला हव्या त्याच नंबरपाशी थांबली आणि पिशवीतून किल्ली काढली. घरमालकीण तीच होती. मिसेस डॉयल, आयर्लंडच्या, खाली एकट्या राहणाऱ्या. वरचा मजला भाड्याने होता.

सिस्टरांनी अंगठा दाबला. एकदा, दोनदा, चारही खोल्यांत. बॉयलरला कान लावला. नळ उघडून साठ मोजले आणि मला वाटतं पुन्हा साठ मोजले. मागचा भाडेकरू मेला की पळाला हे विचारलं. मिसेस डॉयल खळखळून हसल्या. भाडेकरू मुलगी लग्न करून गेली होती. सिस्टर खिडकीपाशी गेल्या. कोपऱ्यावर शाळा होती, तिच्या कुंपणावर पोरांनी रंगवलेले मासे टांगले होते. त्या मासे बघत उभ्या असतानाच मिसेस डॉयलनी भाडं सांगून टाकलं.

सिस्टरांनी हात वर केला नव्हता. भाडं त्यांनी पहिल्यांदाच उभ्याने ऐकलं.

रक्कम कमी होती. आम्ही पाहिलेल्या सगळ्या घरांपेक्षा कमी, आणि त्यात गॅस-वीजही धरलेली. सिस्टर वळल्या. खांद्यावरचं स्टूल काढायला त्यांना वेळ लागला, पट्ट्याची कडी सापडेना. मीच ते उघडून दिलं आणि त्या बसल्या. मिसेस डॉयल घाबरल्या. “जास्त वाटतंय का? मी थोडं कमी करू शकते,” असं त्या म्हणाल्या.

“नो, नो, लव्ह,” सिस्टर म्हणाल्या. “इट्स अ फेअर प्राइस.”

मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, “वैशू, मला काही खोट सापडत नाही गं.”

मला आनंद झाला. अन्वी त्या माशांपाशी उभी दिसली, निलेश त्या जिन्यावरून सामान चढवताना दिसला. तरी मी त्यांच्या शेजारी कार्पेटवर बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी सवयीने माझी नाडी धरली.

मार्चमध्ये निलेश आणि अन्वी आले. सामान लावायच्या दिवशी सिस्टर सकाळपासून हजर होत्या. धुराचा अलार्म तीनदा वाजवून त्यांनी खाली मिसेस डॉयलना तीनदा दचकवलं. अन्वीला चाकूच्या धारेबद्दल, गॅसबद्दल आणि नमस्कार करणाऱ्या अनोळखी माणसांबद्दल भाषण दिलं. निलेशने खुर्च्यांचा भाव सांगितला तेव्हा स्टूलवर बसल्या. चहा झाल्यावर “जयभीम, येते” म्हणून निघाल्या आणि बसस्टॉपवर पोचेपर्यंत एकदाही मागे वळल्या नाहीत.

त्या गेल्यावर दारामागे ते स्टूल दिसलं. घडी करून, पट्टा नीट गुंडाळून ठेवलेलं. कुणाचे विसरलेले मोजे वर्षानुवर्षं जपणारी बाई स्वतःची वस्तू विसरेल, यावर माझा विश्वास बसेना. मी फोन लावला.

“सिस्टर, तुमचं स्टूल राहिलंय.”

“अगो बाई, हो का? वय झालं आता.” आवाज जरा जास्तच सहज होता. “राहू दे. कधी तिकडून जाणं झालं तर नेईन.”

“न्यायला येऊ नका. जेवायला या. उद्या रविवार आहे, उद्या या. आणि मग दर रविवारी. स्टूल इथेच राहील, तुम्हाला दर वेळी ओझं नको. अन्वी आत्ताच विचारत होती, स्टूलवाली आजी परत कधी येणार म्हणून.”

पलीकडे वाहणारा नळ बंद झाला.

“थांब, वैशू,” मग त्या म्हणाल्या. “आधी बसू दे.”

त्यांच्या स्वयंपाकघरातली खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मी फोन कानाला लावून थांबून राहिले.