धोंडूचं दुसरं बारसं

बसऱ्याहून लढाई करून आलेला सहा फुटी शिपाई दारात उभा राहिला, की राधाआत्या आधी त्याच्या हातात राख नि काथ्या द्यायची आणि खरकट्या भांड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवायची.

मी तेव्हा जुन्नरच्या कचेरीत नवाच बदलून आलो होतो आणि तिच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. सरकारनं पलटणी मोडल्या, शिपायांच्या छातीवर एकेक बिल्ला लावला आणि त्यांना विसरून गेलं. ज्यांना घर नव्हतं ते धर्मशाळेत पडून राहत. त्यांना आत्या गोळा करून आणायची. विधवा बाई, पोर ना बाळ, तोंड मात्र तोफखान्याचं.

घासलेली भांडी उन्हात धरून ती निकाल द्यायची. बूडसुद्धा घासणारा कागदी मोहल्ल्यात, कागद करायला. नुसती दिसणारी बाजू चमकवणारा वाण्याच्या दुकानी. दुसऱ्याकडून घासून घेणारा आमच्या कचेरीत. "त्यो तुमच्यातला हाय, भाऊ," असं ती मला तोंडावर सांगे. मालक नाही म्हणाला, तर उंबऱ्यावर फतकल मारून बसे. तो कबूल होईपर्यंत गिऱ्हाइकाला आत जाऊ देत नसे. एखादा शिपाई आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगू लागला, तर म्हणे, "घास, घास. राखेनं समदं निघतं."

डिंभ्याकडचा धोंडू मात्र तिलाही अवघड गेला. त्याला काम नको, घर हवं होतं. स्वतःचं. दोन वर्षं पत्र नाही म्हणून भावानं त्याचा दर्भाचा पुतळा जाळून दहावं-तेरावं उरकलं होतं, आणि त्याची भातखाचरं तर त्याही आधी ताब्यात घेतली होती. धोंडू जिवंत परतला, तर भाऊ दारात आडवा. मेलेल्याला घरात घेता येत नाही. घ्यायचा तर तो पुन्हा जन्मला पाहिजे, त्याचं बारसं झालं पाहिजे, असा भटजींचा निर्वाळा होता. ते ऐकून कुणीही हात टेकावेत, हीच भावाची अपेक्षा.

"मग यिऊ दे की जन्माला," आत्या म्हणाली आणि तिनं बैलगाडी जुंपायला लावली. साक्षीला सरकारी माणूस म्हणून मलाही गाडीत घातलं.

गावी पोचल्यावर धोंडूच्या भावानं शेवटचा पत्ता टाकला. "नाव ठिवायला आत्या लागती. आमाला आत्याच न्हाई."

"आख्खं जुन्नर मला आत्या म्हनतं," ती म्हणाली. "तू काय लई शाना लागून गेलास?"

आंब्याच्या फांदीला घोंगडीची झोळी बांधली. धोंडू मिशांसकट आत निजला, पाय बाहेर. झोका द्यायची दोरी माझ्या हाती आली. बायका हसून लोळत होत्या. आत्या 'कुर्र' करायला त्याच्या कानाशी वाकली आणि रीतीप्रमाणे बायका तिच्या पाठीत धपाटे घालू लागल्या. कुर्र काही संपेना. बायकांचे हात दुखले. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. ती विचारत होती, "माजा तुका दिसला व्हता का रं तिकडं? उजव्या गालावर तीळ हाय."

धोंडूनं झोळीतच मान हलवली. नाही.

आत्या सरळ झाली. "नाव धोंडू ठिवलं," तिनं खणखणीत सांगितलं आणि भावाकडे वळली. "आता घे आत." सगळ्या गावासमोर भाऊ दारातून बाजूला झाला.

परतताना गाडीत विचारलं, तेव्हा कळलं. तुका तिच्या वारलेल्या भावाचा मुलगा, तिनंच वाढवलेला. तो पलटणीत गेला त्याला चार वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं खबर नव्हती. इतके दिवस मी कचेरीत तिच्या नकला करत होतो, त्याची मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आत्या, त्याचं दिवसकार्य केलंत का?"

"न्हाई केलं," ती म्हणाली. "लोकं लई सांगत्यात. पर मी मेल्यावर त्यो आला, तर नाव ठिवायला आत्या कुटनं आनंल त्यो?"