थांबा अकरावा: आईची खुर्ची

शहराचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही. दिले तर तुम्ही याल.

ते इटलीत आहे, जुने आहे आणि विमानतळापासून बसने अर्ध्या तासावर आहे, एवढे पुरे. यातली शेवटची गोष्टच शहराच्या मुळावर आली. एका विमानातून उतरून दुसऱ्याची वाट पाहणारे लोक मधला वेळ विमानतळावर जांभया देत घालवतात, हे नगरपालिकेच्या ध्यानात आले आणि 'मधल्या वेळात संपूर्ण शहर' ही योजना जन्मली. अशा प्रवाशाला 'मध्यंतर-पाहुणा' असे अधिकृत नाव मिळाले. विमानतळावरच त्याच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधतात. ती पुढच्या विमानाच्या दारातच कापतात. पट्टीवाल्याने दोरीच्या आतून चालायचे, सांगितले तिथे आश्चर्य करायचे आणि शिट्टी झाली की बसमध्ये चढायचे. आठशे वर्षांचा इतिहास दहा थांब्यांत बसवला आहे. त्यातले दोन थांबे आइस्क्रीमचे आहेत.

योजनेचे नियम लिहिले ओत्तोरिनोने. हा गृहस्थ जन्मभर नगरपालिकेच्या परवाना खात्यात होता, आणि निवृत्त झाल्यावर करायचे काय म्हणून रहिवासी मंडळाचा अध्यक्ष झाला. मुळात तो पाहुण्यांच्या विरुद्ध नव्हता. पण गेल्या ईस्टरला त्याचे दार उघडे पाहून एक मध्यंतर-पाहुणी सरळ स्वयंपाकघरात आली, तिने शिजत्या रश्श्यात बोट बुडवून चाटले आणि "माझ्या आजीचा याहून बरा असतो" असे सांगून निघून गेली. ओत्तोरिनोने त्याच आठवड्यात ठराव आणला: पिवळ्या पट्टीच्या माणसाने कोणत्याही घराचा उंबरा ओलांडू नये; कारण काहीही असो. 'कारण काहीही असो' हे शब्द त्याने सभेत दोनदा वाचले. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

आणि मग निवेसचा फोन आला. निवेस ही त्याची धाकटी बहीण. लग्न करून अर्जेंटिनाला गेली ती गेलीच. आई वारली तेव्हाही तिला येता आले नव्हते, आणि ते शल्य तिच्या मनातून कधी गेले नाही.

"रिनो, मुलीकडे वॉर्सोला चाललेय. मध्ये तुझ्याकडे विमान बदलायचंय. दुपारचे काही तास आहेत बघ."

"ये ना! तुला नवीन संग्रहालय दाखवतो, कारंज्याचं काम केलंय..."

"चुलीत गेलं तुझं कारंजं. मला काही बघायचं नाही. आईच्या खुर्चीत बसून तुझ्या हातचे चार घास जेवायचे आणि परत जायचं. खुर्ची आहे ना रे, की विकलीस?"

"वेडी आहेस का? तिथंच आहे, खिडकीजवळ."

फोन ठेवल्यावर ओत्तोरिनो रडला. मग डोळे पुसून बाजारात गेला आणि बदक घेऊन आला. पट्टीचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. नियम पाहुण्यांसाठी असतात, घरच्यांसाठी नसतात, असा नियम करणाऱ्या प्रत्येकाचा समज असतो.

त्या गावात एक रीत आहे. रस्सा आदल्या दिवशीपासून शिजत ठेवा, पण पास्ता माणूस दारात पोचत आल्याशिवाय पाण्यात पडत नाही. येणारा वाटेतून फोन करून "टाक" म्हणतो, आणि मग तो वाटेत कुणाशी बोलायलाही थांबत नाही. जास्त शिजून गळलेला पास्ता वाढणे म्हणजे पाहुण्याला 'निघा आता' म्हणण्यासारखे आहे.

निवेसने शहराच्या वेशीवरून फोन केला. "उतरले रे बसमधून. टाक!"

ओत्तोरिनोने टाकला. टेबलावरची चादर सारखी केली, आईची खुर्ची पुसली. निवेस मात्र आली नाही. तो बाहेर धावला तेव्हा ती त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी, दोरीच्या आत, पिवळी पट्टी बांधून चाळीस अनोळखी माणसांत उभी होती. केस पिकले होते, पण कमरेवर हात ठेवून उभी राहायची तऱ्हा तीच.

"अरे, हा मुलगा मला सोडत नाही!"

मुलगा म्हणजे दोरीवरचा पहारेकरी सिल्वानो. त्याला नोकरी लावली होती ओत्तोरिनोनेच.

"सिल्वानो, ही माझी बहीण आहे. सख्खी. सोड तिला."

"काका, पट्टी आहे हातात."

"पट्टी दिसतेय मला! ती इथं जन्मलीय, या समोरच्या घरात!"

"जन्माचं मला माहीत नाही. आज मुक्काम आहे का यांचा? नाही. म्हणजे मध्यंतर-पाहुण्या." सिल्वानोने आवाज खाली आणला. "कारण काहीही असो, हे तुम्हीच शिकवलंत ना, काका. माझी परीक्षा घेताय का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि तिकडे पाणी उकळत होते.

"पास्ता!" निवेस ओरडली. "रिनो, पास्ता काढ आधी!"

तो आत धावला, पण वेळ गेली होती. पास्त्याने मान टाकली होती. तरी त्याने त्यात बदकाचा रस्सा कालवला, कारण दुसरे करण्यासारखे काही नव्हते. दोरी त्याच्या खिडकीखालूनच जात होती आणि खिडकी तळमजल्याची होती. खिडकीतून हात बाहेर काढायला बंदी नव्हती. त्याने ताटली पुढे केली.

"थांबा, थांबा," पाहुण्यांची मार्गदर्शक देबोरा छत्री उंचावत आली. "ताटली चालणार नाही. खिडकीतून फक्त चव देता येते, कागदी पेल्यात. आणि एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागते."

"हे कोणी ठरवलं?" निवेसने विचारले.

देबोराने ओत्तोरिनोकडे पाहिले. ओत्तोरिनोने छताकडे.

एकेचाळीस पेले झाले. आदल्या दिवशीपासून शिजवलेले बदक एका दमात संपले. निवेसच्या वाट्याला तीन तुकडे आले.

"गळलाय," ती चावता चावता म्हणाली. "आई असती तर तुझ्या टाळक्यात डाव घातला असता तिनं."

"दोष माझा नाही, तू 'टाक' म्हणालीस!"

"मला काय माहीत माझा भाऊ कायदेपंडित झालाय ते!"

ती हसत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. ओत्तोरिनोला ते बघवेना. घरात बहीण येऊ शकत नसेल तर घर बहिणीकडे गेले पाहिजे, असे म्हणून त्याने आईची खुर्ची उचलली, कशीबशी खिडकीतून बाहेर काढली आणि दोरीच्या आत ठेवली.

"बस, निवेस."

पण तिच्याआधी एक डॅनिश गृहस्थ बसला. त्याच्या बायकोने फोटो काढला. त्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. "रांग! रांग लावा!" देबोरा ओरडली. "ही अस्सल स्थानिक खुर्ची आहे!"

"ती माझ्या आईची आहे हो," निवेस म्हणाली.

"छान! मग तुमचाही फोटो चांगला येईल. रांगेत या."

निवेस रांगेत उभी राहिली. पुढच्यांनी तिला जागा दिली असती, पण त्यांना भाषा कळत नव्हती आणि देबोराला वेळ नव्हता. अखेर ती बसली. खुर्चीच्या हाताच्या खाली, जिथे आई बोलता बोलता नखाने खरवडत असे, तिथे तिची बोटे गेली आणि ती हमसून रडू लागली. खिडकीतून वाकून ओत्तोरिनोने तिचे डोके छातीशी धरले. तोही रडत होता.

"आणि ह्या," देबोरा छत्री फिरवून म्हणाली, "स्थानिक भावना."

चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मग शिट्टी झाली.

पुढच्या सभेत ओत्तोरिनोने रक्ताच्या नातलगांना सूट द्यावी असा ठराव मांडला. तो पडला. नातलग घरात शिरू लागले तर ते दारात रडणार नाहीत, आणि त्या दिवसाचा अभिप्राय योजनेच्या इतिहासात सर्वोत्तम होता, असे अध्यक्षांना नम्रपणे दाखवून देण्यात आले. खुर्ची अकरावा थांबा म्हणून मंजूर झाली. ओत्तोरिनोला रोज दुपारी खिडकीत उभे राहून पास्ता वाटावा लागतो. एकदा त्याने तो नीट शिजवला, तर कडक असल्याची तक्रार आली. आता तो गळेपर्यंत शिजवतो आणि आईच्या तसबिरीकडे पाठ करून वाढतो.

निवेस फोनवर म्हणते, "पुढच्या खेपेला राहायलाच येते." दर खेपेला म्हणते.

नाव सांगितले नसले तरी तुम्ही ते शहर शोधून काढालच. विमान तिकडून जात असेल तर उतरा. रांग मोठी असते, पण त्या खुर्चीत बसले की आपापली आई आठवते, असे बहुतेक अभिप्रायांत असते. फोटो काढून देतात. तो तिथूनच आईला पाठवता येतो, म्हणजे तिच्याकडे जाऊन येण्याचा वेळ वाचतो.